श्वासाच्या औषधांची वर्गवारी

शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत कपाटाचा एक खण औषधांसाठीं राखून ठेवलेला असतो. त्यांत खोकल्याची अर्धी राहिलेली बाटली असते, नाकांत घालावयाचे थेंब असतात, सर्दीच्या गोळ्यांचीं पाकिटें असतात, आणि घरांत कोणास दमा असेल तर दोन वेगळ्या रंगांचे श्वासपंपहि असतात. हा खण आवरावयास घेतला म्हणजे पहिली अडचण अशी येते कीं, कोणती वस्तु कोणत्या वस्तूशेजारीं ठेवावी? गृहिणी बाटल्या एकीकडे व गोळ्या दुसरीकडे ठेवील. आजोबांचीं औषधें वेगळीं आणि नातवंडांचीं वेगळीं, अशीहि वांटणी पुष्कळ घरांत असते व ती अगदीं शहाणपणाची आहे. औषधविक्रेता अक्षरानुक्रम धरील, डॉक्टर रोगाचा क्रम धरील, रसायनशास्त्रज्ञ द्रव्याची घडण पाहील. यांपैकीं एकहि रीत चुकीची नाहीं. प्रत्येक रीत एका वेगळ्या प्रश्नाचें उत्तर देते इतकेंच. आधीं प्रश्न ठरतो आणि मग खण पडतात.

हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चवथ्या अध्यायांत औषधी द्रव्यांचे पन्नास गण सांगितले असून प्रत्येक गणांत दहा द्रव्यें आहेत. कंठास हितकर तो कंठ्य, उचकी थांबविणारा तो हिक्कानिग्रहण, खोकला घालविणारा तो कासहर आणि दमा घालविणारा तो श्वासहर. घसा व श्वास यांच्यासाठीं असे चार स्वतंत्र खण त्या काळींच पाडलेले दिसतात. आतां तामलकी, म्हणजे आपली भुईआवळी, ही कासहर गणांतहि आहे आणि श्वासहर गणांतहि आहे. तेव्हां अग्निवेश गुरूंना शंका विचारतो कीं, तींच तींच द्रव्यें निरनिराळ्या गणांत पुन्हां पुन्हां येत असतां पांचशें ही संख्या पुरी कशी व्हावी? आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा कीं, एकच मनुष्य निरनिराळीं कामें करूं लागला म्हणजे त्या त्या कामावरून त्यास निरनिराळीं नांवें मिळतात. द्रव्याचेंहि तसेंच समजावें. ज्यांनीं शाळेंत व्याकरण चालविलें आहे त्यांना हें उत्तर ओळखीचें वाटेल. 'वर' हा शब्द 'वर पाहा' या वाक्यांत क्रियाविशेषण असतो आणि 'झाडावर' म्हटलें कीं शब्दयोगी अव्यय होतो. शब्दाची जात त्याच्या अंगावर लिहिलेली नसते. तो वाक्यांत काय काम करतो त्यावरून ती ठरते. आज साऱ्या जगांत औषधांची जी वर्गवारी चालते तिचाहि पाया हाच आहे, आणि हा पाया ध्यानांत न घेतां तिचे आंकडे वाचणारा माणूस हमखास फसतो.

ही वर्गवारी युरोपांत जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत नवीं औषधें इतक्या झपाट्यानें बाजारांत आलीं कीं, कोणत्या देशांत कोणतें औषध किती खपतें हें नीट सांगणें कठीण होऊन बसलें. एकच द्रव्य अनेक कंपन्या अनेक नांवांनीं विकीत. किंमतीवरून मोजावें तर देशोदेशींचीं चलनें निराळीं, बाटल्या मोजाव्यात तर बाटल्यांचीं मापें निराळीं, गोळ्या मोजाव्यात तर त्यांतील द्रव्याचें प्रमाण निराळें. १९६९ सालीं नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथें औषधांच्या खपाविषयीं एक परिषद भरली व सर्वांना चालेल अशी एक वर्गवारी आणि एक माप पाहिजे, हा विचार तींत पुढें आला. युरोपांतील औषध-बाजाराची पाहणी करणाऱ्या संघाची एक वर्गवारी तयार होतीच. नॉर्वेच्या संशोधकांनीं ती वाढवून तिला रसायनाच्या पायऱ्या जोडल्या. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें तिची शिफारस केली, १९८२ सालीं ऑस्लो येथें तिचें केंद्र स्थापन झालें, आणि १९९६ सालीं तिला जागतिक मान्यता मिळाली. अवयव, उपचार व रसायन यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एटीसी' म्हणतात. तिच्यांत चवदा मुख्य विभाग असून प्रत्येकास एक रोमन अक्षर दिलेलें आहे. श्वसनसंस्थेचें अक्षर 'आर' हें होय.

या वर्गवारींतील संकेतांक म्हणजे औषधाचा पत्ताच. पत्त्यांत जसें शहर, पेठ, गल्ली, वाडा आणि बिऱ्हाड असें उतरत यावें, तशा येथें पांच पायऱ्या आहेत. दम्याच्या रोग्यास तात्काळ आराम देणारें साल्ब्युटामॉल हें द्रव्य घेऊं. श्वासपंपांतून घेतलेल्या साल्ब्युटामॉलचा पत्ता 'आर ०३ एसी ०२' असा आहे. आर म्हणजे श्वसनसंस्था. ०३ म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या विकारांवरील औषधें. पुढचा ए म्हणजे अ‍ॅड्रिनलिनच्या जातीचीं व श्वासावाटें घ्यावयाचीं औषधें. सी म्हणजे त्यांतूनहि श्वासनलिकांच्या स्नायूंवर निवडून काम करणारीं. शेवटचे ०२ हें त्या वाड्यांतील साल्ब्युटामॉलचें बिऱ्हाड. अमेरिकेंत याच द्रव्यास अल्ब्युटेरॉल म्हणतात आणि आपल्या बाजारांत तर त्याला कितीतरी व्यापारी नांवें आहेत. परंतु पत्ता सर्वत्र एकच.

मात्र हेंच साल्ब्युटामॉल गोळीच्या किंवा पातळ औषधाच्या रूपानें पोटांत घेतलें तर पत्ता बदलून 'आर ०३ सीसी ०२' होतो. द्रव्य तेंच, रोग तोच, वाट मात्र निराळी. हा भेद उगाच केलेला नाहीं. प्रत्येक औषधाचें मोजमाप करण्यासाठीं या पद्धतींत एक 'नियत दैनिक मात्रा' ठरविलेली असते. प्रौढ माणसास मुख्य रोगावर रोज सरासरी किती द्रव्य लागेल याचा तो अंदाज असतो. श्वासपंपांतून घ्यावयाच्या साल्ब्युटामॉलची ही मात्रा ०.८ मिलिग्रॅम आहे, तर पोटांत घ्यावयाच्या साल्ब्युटामॉलची १२ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरापट. पंपांतील फवारा थेट श्वासनलिकांत उतरतो. गिळलेली गोळी मात्र आधीं पोटांत, मग रक्तांत आणि मग साऱ्या अंगांत हिंडून थोडीशी तेथें पोंचते. वाटेंत हात कांपविते व छाती धडधडविते. पंपाची संवय लागते या भीतीनें गोळीच बरी म्हणणारीं माणसें आपल्या घरांत अजून पुष्कळ आढळतात. त्यांनीं ही पंधरापट एकदां ध्यानांत घेतली तर बरें. (नियत मात्रा हें मोजण्याचें माप आहे, डॉक्टरांची आज्ञा नव्हे, तिच्यावरून कोणीं स्वतःचें औषध कमीजास्त करूं नये.)

आतां 'आर' या शहरांतून एक फेरी मारूं. ०१ ही नाकाची पेठ व ०२ ही घशाची. चघळावयाच्या वड्या दुसरींत येतात. तेथें फार रेंगाळण्याचें कारण नाहीं. ०३ मध्यें दमा आहे, तिकडे मागाहून वळूं. त्यानंतर एकदम ०५ येतें. ०४ हा अंकच नाहीं. ज्या बाजारी वर्गवारीवरून ही निघाली तिच्यांत त्या अंकाखालीं छातीस चोळावयाचीं मलमें येत असत. नवीं माणसें राहावयास आलीं तरी रिकाम्या घराचा क्रमांक तसाच राहावा, तसा हा प्रकार आहे.

०५ ही खोकला-पडशाची पेठ, आणि आपल्या बाटल्या बहुतेक येथल्याच. तिचे मुख्य तीन भाग. सी या भागांत कफ सुटा करणारीं द्रव्यें येतात. त्यांपैकीं ब्रोमहेक्सिन हें अडुळशांतील व्हॅसिसिन या द्रव्याच्या घडणीवरून तयार केलेलें आहे, म्हणजे आजीचा काढा व विलायती बाटली यांचें मूळ एक निघालें. डी या भागांत खोकला दाबणारीं द्रव्यें येतात. अफूपासून मिळणारें कोडीन व कृत्रिम डेक्स्ट्रोमेथॉर्फन हीं त्यांतील प्रमुख. विचार केला तर हीं दोन कामें एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कफ सुटा करावयाचा तो खोकून बाहेर पडावा म्हणून, आणि खोकला दाबावयाचा म्हणजे तो बाहेर पडावयाची वाटच बंद करावयाची. तरीहि एफ असा तिसरा भाग करावा लागला, कारण दोन्ही द्रव्यें एकाच बाटलींत घालून विकण्याचा परिपाठ जगभर आहे. वर्गवारी करणारा जें बाजारांत आहे त्यास जागा देतो. तें तेथें असावें कीं नसावें हा निवाडा त्याच्याकडे नसतो. तो निवाडा सरकारांना करावा लागतो. भारत सरकारनें मार्च २०१६ मध्यें ३४४ ठराविक मिश्रणांवर बंदी घातली, तींत खोकल्याचीं पुष्कळ होतीं. तें प्रकरण न्यायालयांत गेलें व फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्यें ३२८ मिश्रणांवर बंदी आली. जून २०२३ मध्यें आणखी १४ मिश्रणें बंद झालीं. त्यांत कोडीन व क्लोरफेनिरामाइन यांचें पातळ औषध होतें.

या क्लोरफेनिरामाइनचें स्वतःचें बिऱ्हाड ०६ मध्यें आहे. ती अ‍ॅलर्जीवरील गोळ्यांची पेठ; सेटिरिझिन, लोराटाडिन हीं तेथलींच. येथें वर्गवारीचा एक कच्चा दुवा उघडा पडतो. या गोळ्या शिंका थांबविण्यासाठीं घेतात तशाच अंगावर पित्त उठलें असतांहि घेतात. पित्त उठणें हा त्वचेचा विकार, श्वासाशीं त्याचा संबंध नाहीं. तथापि गोळी एकच असल्यामुळें तिची गणना 'आर' मध्येंच होते. अमेरिकन रुग्णालयांच्या औषधसूचींत या गोळ्यांचा वर्ग सर्वस्वीं स्वतंत्र असून साल्ब्युटामॉल तर मज्जातंतूंवर काम करणाऱ्या औषधांत बसविलेलें आहे, कारण तेथें अवयवापेक्षां क्रियेस अधिक मान दिला आहे. घरच्या माणसांस यांतून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, सर्दीची गोळी ०५ मधील आणि अ‍ॅलर्जीची गोळी ०६ मधील असली तरी दोहोंच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामाइन हेंच नांव असूं शकतें, आणि दोन्ही एकदम घेणारा दुप्पट मात्रा घेऊन दिवसभर पेंगत बसतो. ०७ मध्यें उरलेलीं औषधें येतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या फुप्फुसांत सोडावयाचें द्रव्य हें त्यांतील एक.

'आर' मध्यें काय नाहीं हेंहि पाहिलें पाहिजे. क्षय हा फुप्फुसांचा रोग, पण क्षयावरील रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड हीं 'जे' या जंतुविरोधी विभागांत आहेत. न्यूमोनियाचीं औषधें व इन्फ्लुएंझाची लस हींहि तेथेंच. फुप्फुसाच्या कर्करोगाचीं औषधें 'एल' मध्यें. प्राणवायु, जो श्वासाशिवाय दुसऱ्या कोठें घ्यावयाचा नाहीं, तो 'व्ही' या किरकोळ विभागांत! दम्याचा जोराचा झटका आला असतां प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. त्या 'एच' या अंतःस्रावांच्या विभागांत. एखाद्या प्रांतांत 'आर' चा खप कमी दिसला म्हणून तेथील फुप्फुसें निरोगी आहेत असें म्हणणारा किती चुकेल तें यावरून दिसून येईल.

आतां ०३ कडे वळूं. तेथें प्रश्न मोजदादीचा राहत नाहीं, जीविताचा होतो.

अ‍ॅड्रिनलिनच्या जातीच्या श्वसनीय औषधांचे ए, बी, सी असे जे तीन वाडे आहेत त्यांत साठ-सत्तर वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. एए मध्यें खुद्द अ‍ॅड्रिनलिन. तें श्वासनलिका मोकळ्या करतें, पण रक्तवाहिन्यांवर व हृदयावरहि ताण देतें. एबी मध्यें आयसोप्रिनालिन. त्याची रक्तवाहिन्यांवरील क्रिया वेगळी असली तरी हृदयाला तें डिवचतेंच. १९५६ सालीं अमेरिकेंत मोजका फवारा देणारा श्वासपंप निघाला आणि हें औषध रोग्याच्या खिशांत आलें. पुढें १९६० नंतर इंग्लंड व वेल्समध्यें दम्यानें मरणाऱ्यांची संख्या एकाएकीं वाढली. १० ते १४ वर्षांच्या मुलांत तर सात वर्षांत मृत्यूचें प्रमाण जवळ जवळ आठपट झालें. त्या सुमारास पांचपट तीव्र असा आयसोप्रिनालिनचा पंप कांहीं देशांत विकला जात होता. पॉल स्टॉली या अमेरिकन संशोधकानें १९७२ सालीं निरनिराळ्या देशांतील विक्रीचे आंकडे व मृत्यूचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले. जेथें हा तीव्र पंप चांगला खपला तेथें मृत्यूची लाट आली होती. अमेरिकेंत त्यास परवानगीच नव्हती आणि तेथें लाटहि नव्हती. या लाटेच्या कारणांविषयीं तज्ज्ञांत पुढें पुष्कळ वाद झाला, परंतु विक्रीची नीट नोंद माणसें वांचविण्याच्या कामीं कशी येते याचा तो ठळक दाखला ठरला. १९६९ मध्यें बाजारांत आलेलें साल्ब्युटामॉल श्वासनलिकांवर निवडून काम करणारें, आणि त्याच्यासारख्यांसाठींच एसी हा वाडा आहे.

पण एसी मध्यें आलें म्हणजे सारीं सारखीं, असें समजूं नये. न्यूझीलंडमध्यें १९७६ पासून दम्याच्या मृत्यूंची दुसरी लाट उठली. त्याच वर्षीं फेनोटेरॉल नांवाचा पंप तेथें आला होता. फेनोटेरॉलचा पत्ता 'आर ०३ एसी ०४', म्हणजे साल्ब्युटामॉलच्या वाड्यांतीलच दुसरें बिऱ्हाड. वाडा धरून मोजणी केली असती तर दोघांत कांहींच फरक दिसला नसता. वेलिंग्टन येथील संशोधकांनीं मेलेल्या व वांचलेल्या रोग्यांना कोणतें औषध दिलें होतें हें एकेक करून ताडून पाहिलें आणि १९८९ सालीं फेनोटेरॉलकडे बोट दाखविलें. त्याच्या वापरावर बंधनें आलीं, मृत्यू झपाट्यानें उतरले. चार पायऱ्यांवर न थांबतां पांचवीपर्यंत उतरावें लागतें तें यासाठीं.

शिवाय याच एसी मध्यें सॅल्मेटेरॉल व फॉर्मोटेरॉल हीं बारा बारा तास टिकणारीं द्रव्येंहि आहेत. तेव्हां तात्पुरता आराम देणारें आणि दीर्घकाळ पुरणारें यांतील भेद वाड्याच्या अक्षरावरून कळत नाहीं. बी या भागांत स्टेरॉइडचे पंप येतात. दम्यांत श्वासनलिकेच्या आंतील अस्तराला सूज आलेली असते, ती हळूहळू उतरविण्याचें काम त्यांचें. घरांतील दोन रंगांच्या पंपांपैकीं एक सहसा हा असतो, आणि ताबडतोब आराम वाटत नाहीं म्हणून रोगी टाळतो तोहि हाच! परंतु स्टेरॉइडचा सारा खप बी मध्यें सांपडेल असेंहि नाहीं. ब्युडेसोनाइड एकटें असेल तर 'आर ०३ बीए ०२'; तेंच फॉर्मोटेरॉलबरोबर एका पंपांत असेल तर 'आर ०३ एके ०७', म्हणजे पुन्हां ए मध्यें. नाकांत फवारलें तर ०१ मध्यें, आणि आंतड्याच्या विकारासाठीं दिलें तर शहरच बदलून 'ए' या पचनसंस्थेच्या विभागांत. आत्रेयांनीं सांगितलेला अनेक नांवांचा मनुष्य तो हाच. केवळ बी भाग मोजून अमक्या देशांत रोगी स्टेरॉइड घेत नाहींत असा निष्कर्ष काढणें म्हणजे जोडपंप वापरणारांस खिजगणतींत न धरणें होय.

२०१९ सालीं दम्यावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक समितीनें असें सांगितलें कीं, प्रौढ व कुमार रोग्यांस केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर ठेवूं नये. सूज उतरविणारें औषध कोणत्या तरी रूपानें सोबत पाहिजेच. फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा जोडपंप तेव्हांपासून धाप लागली असतां घ्यावयासहि सांगतात. तो नेमानें घेतला काय किंवा गरजेपुरता घेतला काय, पत्ता 'एके ०७' हाच राहतो. याचा उलगडा करावयास दुकानांतील एकूण खप पुरत नाहीं. कोणत्या रोग्यानें वर्षांत काय काय नेलें याची नोंद लागते. नॉर्वेंत २००४ पासून व स्वीडनमध्यें २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेल्या प्रत्येक औषधाची अशी नोंद याच संकेतांकांनीं होऊं लागली. स्वीडनमधील सुमारें ३,६५,००० दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून २०२० सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत असें आढळलें कीं, तात्पुरता आराम देणारे तीन किंवा अधिक पंप वर्षांत नेणारे शेंकडा ३० होते. आणि जे अकरा किंवा त्यांहून अधिक पंप नेत, त्यांच्यांतील मृत्यूचें प्रमाण दोनपर्यंतच पंप नेणारांच्या मानानें दुपटीहून अधिक होतें.